उलटी अक्षरं

चाळीस वर्षं मी उलटं लिहितोय.
रबरावर उलटं, म्हणजे कागदावर सुलटं.
'खरी नक्कल', 'रक्कम मिळाली', 'मुख्याध्यापक'.
पेठांतल्या निम्म्या शाळांचे मुख्याध्यापक
आधी माझ्या चिमट्यात उलटे उभे राहिलेत.

मुलगी म्हणाली, बाबा, आता वेबसाइट करा.
लोक मोबाइलवर शोधतात, जिने चढत नाहीत.
जिना तसा उभाच आहे, नारायण पेठेतला.
खाली पाटी: होनकळसे, रबरी शिक्के, दुसरा मजला.

पहिला भेटला बाणेरला. काचेची इमारत,
लिफ्टमधल्या आरशात माझीच पिशवी मला परकी वाटली.
तो दीड तास बोलला. भिंतीवर चित्रं हलत होती.
मी विचारलं, शाईचा रंग निवडायला
गिऱ्हाइकानं बोट कुठं ठेवायचं?
म्हणाला, युजर जर्नीचा तो भाग आपण नंतर घेऊ.
परत येताना बसमध्ये मी तो शब्द उलटा करून पाहिला.
उलटाही कळला नाही.

दुसरा भाच्याच्या मित्राचा मित्र. स्वस्त.
पाच हजार आगाऊ, आणि 'होऊन जाईल काका'.
गणपती झाले, दिवाळी झाली.
त्याच्या फोनवर एक बाई सांगायची, व्यस्त आहे,
मराठीत, हिंदीत, इंग्रजीत.
सगळ्या व्यवहारात स्पष्ट बोलली ती तेवढी तीच.

तिसरी शाहीन बागवान. कात्रजहून स्कूटीवर आली,
हेल्मेट मांडीवर घेऊन स्टुलावर बसली
आणि अर्धा तास नुसतं विचारत राहिली.
वेलांटी चुकली तर चूक कुणाची धरता?
मी म्हटलं, प्रूफवर सही घेतो.
सहीआधी माझी, सहीनंतर त्यांची.
ती म्हणाली, मग आपलं जमेल.

पाठकोऱ्या कागदावर तिनं लिहिलं:
हे करीन.
हे करणार नाही.
हे मला येत नाही, विचारून सांगते.
तिसऱ्या ओळीपाशी मी चष्मा काढून पुसला.
'आणि साइटचं नाव तुमच्या नावावर घ्या, माझ्या नको.
उद्या आपलं बिनसलं
तर किल्ली तुमच्या खिशात हवी.'
पैसे पहिल्यापेक्षा कमी, दुसऱ्यापेक्षा बरेच जास्त.
मी घासाघीस केली, सवयच आहे.
ती दोनशेसुद्धा उतरली नाही.

जूनमध्ये, शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात,
साइट झोपली.
रात्री नऊला फोन केला. उचलला.
'काय झालंय ते मला अजून कळलं नाही. दहाला सांगते.'
दहाला फोन आला: 'अजून नाही कळलं. अकराला.'
अकराला: 'सापडलंय. अर्धा तास द्या.'
मी दूध झाकलं, खिडकी लावली.
झोप नव्हती. पण घोरही नव्हता,
हे खिडकी लावताना लक्षात आलं.
पावणेबाराला सुरू झाली.
त्या जास्तीच्या पंधरा मिनिटांबद्दल
ती माफ करा म्हणाली, कारण सांगितलं.
कारण मला निम्मंच समजलं.
निम्मं समजलं, हे नवीन होतं.

परवा तिच्यासाठी एक शिक्का करायला घेतला.
नाव नको म्हणाली, नाव बिलावर असतंच.
मग शब्द मीच ठरवला. चार अक्षरं: कळवते.
क उलटा, व उलटा,
ते-ची मात्रा भलत्याच बाजूला झुकलेली.
फक्त ळ तेवढा
उलटा धरा, सुलटा धरा,
जवळजवळ सारखाच.

तिनं ठसा मारून पाहिला. शाई जरा जास्त झाली होती.
किती द्यायचे, म्हणाली.
मी सवयीनं म्हटलं, तीनशे.
'साइटवर दोनशे साठ आहेत, काका.'
बरोबर होतं.
दर मीच कळवले होते.